सासूबाईंच्या वाटच्या गोळ्या

सासूबाई पडल्या तेव्हा त्यांच्या कडेवर कलिंगड होतं. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटात नुकतीच फरशी पुसलेली. पाय सरकला. कलिंगड सोडून हात टेकले असते तर फार तर मनगट मुरगळलं असतं. पण काउंटरवर त्यांचा "बारा दिरहम, म्हणजे दीडशे रुपये!" असा हिशोब मोठ्याने करून झाला होता, आणि दीडशे रुपयांचं कलिंगड त्या सोडणार नव्हत्या. सगळ्या वजनानिशी उजव्या गुडघ्यावर आल्या. गुडघ्याची वाटी फुटली, कलिंगडाला ओरखडाही नाही. अँब्युलन्समध्ये चढवताना बायकोला सांगत होत्या, "ते आधी फ्रिजमध्ये ठेव गं. बाहेर राहिलं तर आंबतंय."

हा किस्सा आमच्याकडे वीस वर्षं सांगितला जातोय आणि दर वेळी सगळे हसतात. मीही हसतो. त्याच्या पुढचा भाग मात्र मी कुणाला सांगितला नव्हता. मी मुळात कमी बोलणारा. अशा माणसाबद्दल लोकांचं उगाच चांगलं मत असतं. त्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारायला जात नाही.

सासूबाई कोल्हापूरच्या. तेहतीस वर्षं एसटीच्या बुकिंगच्या खिडकीवर बसलेल्या. निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांत, दिवाळीच्या तोंडावर, आमच्याकडे दुबईला आल्या. आवाज असा, की खिडकीच्या जाळीतून रांगेच्या शेपटापर्यंत जावा. दाढ काढली त्याच दुपारी ड्यूटीवर गेलेल्या, आणि माझ्या बायकोच्या वेळी कळा सुरू झाल्यावर एकट्या रिक्षा करून दवाखान्यात पोचलेल्या. हे सगळं त्या बढाई म्हणून नाही, गाडीची वेळ सांगावी तसं सांगायच्या. दुखणं या विषयावर त्यांना फारसं बोलायचंच नसे.

आल्या त्याच दिवशी त्यांनी बॅगेतून अनारशांचा डबा काढला. वर भरपूर खसखस.

गल्फमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला जुनी मंडळी पहिल्या आठवड्यात जे काही बजावतात, त्यात खसखस असतेच. आणायची नाही, मागवायची नाही, दुसऱ्याच्या पार्सलमधून येऊ द्यायची नाही. अफूच्या झाडाचं बी ते, इथे बंदी. मसाल्याच्या पुडीपायी कोण तुरुंगात गेला याच्या गोष्टी करामात घरोघरी होत्या, आणि तो माणूस नेहमी कुणाच्या तरी मेहुण्याचा मित्र असे. मी फोनवर सासूबाईंना तीनदा सांगितलं होतं.

"पुडी कुठं आणलीय?" त्या म्हणाल्या. "अनारशाला चिकटलेली आहे ती."

मी चौदा अनारसे संडासात टाकले आणि चार वेळा फ्लश ओढला.

त्यानंतर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जो कोणी घरी येईल त्याला त्या ऐकवायच्या, "आमचे जावईबापू तसे धाडसी हो. फक्त अनारशाला तेवढे भितात." पाहुणे पोट धरून हसायचे. मी चहाचे कप उचलून आत न्यायचो. मला ते लागलं होतं. इतकी क्षुल्लक गोष्ट मनात ठेवणारा माणूस आपण आहोत हे कबूल करायला मला वीस वर्षं लागली.

वाटीचे दोन तुकडे तारेने बांधले. ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की चौथ्या दिवसापासून गुडघा थोडा थोडा वाकवायचा. दुखतंय म्हणून तसाच ठेवला तर आखडेल, आणि आखडलेला गुडघा पुन्हा सोडवणं कठीण. म्हणून त्यांनी दुखण्याची गोळी दिली. तिचा कागद वेगळा होता, त्यावर सही आणि शिक्का. दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी. दुपारची गोळी फिजिओथेरपिस्ट यायच्या आधी पाऊण तास.

फार्मसी आमच्या बिल्डिंगखालीच होती. तिथली फार्मासिस्ट दापोलीकडची, कोकणी मुसलमान घरातली. माझ्याच वयाची असेल, डोक्याला रुमाल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. माझं मराठी कानावर पडल्यापासून मला भाऊ म्हणायची. तिने कागद उलटसुलट पाहिला, सासूबाईंच्या पासपोर्टची कॉपी मागितली, वहीत लिहिलं आणि म्हणाली, "भाऊ, ही पॅरासिटामॉल आनि कोडीन एकत्र असलेली गोळी. कोडीन म्हंजे अफूच्या घराण्यातलं. म्हनून एवढी चौकशी."

पुढे ती बरीच बोलली. मी मान हलवत होतो. 'अफू' या शब्दानंतर मी एक अक्षर ऐकलं नाही.

वर घरापर्यंत चार जिने होते. त्या चार जिन्यांत मी सासूबाईंना व्यसनी होताना पाहिलं, मुंबईच्या विमानतळावर अडवलेलं पाहिलं, माझा व्हिसा रद्द झालेला पाहिला आणि पोरीची शाळा सुटलेली पाहिली. कागद, शिक्का, पासपोर्टची कॉपी, सगळं रीतसर होतं. पण भीती कागद वाचत नाही. मी परत खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून साध्या पॅरासिटामॉलची दोन पाकिटं घेतली. तशीच पांढरी, तशीच गोल.

बायको शाळेत शिकवायची, तिची सकाळ गडबडीची. माझं ऑफिस दुबईच्याच देरा भागात, स्प्लिट शिफ्टचं. दुपारी एक ते चार सुट्टी, त्यामुळे मी जेवायला घरी यायचो. तेव्हा औषधं मी बघणार हे आपोआप ठरलं. सगळ्यांना माझं कौतुक. मी पाकिटातून गोळी काढायचो, तळहातावर ठेवायचो, पाण्याचा ग्लास धरायचो. सासूबाई "देवमाणूस हो" म्हणून गिळायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होत्या, जुन्या इन्व्हॉइसच्या फायलीखाली.

फिजिओथेरपिस्ट केरळचा, हसतमुख, सासूबाईंना अम्मा म्हणायचा. त्याच्याकडे कोन मोजायची एक पट्टी होती. पहिल्या दिवशी त्याने पायाला हात लावला आणि सासूबाई अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो जिन्यात आहे एवढं कळल्यावरच त्या कॉटच्या कडेला घट्ट धरून बसल्या. पट्टी पस्तीस अंशांच्या पुढे जाईना. "अम्मा, थोडा कोशिश करो ना," तो काकुळतीला यायचा. नऊ वर्षांची माझी मुलगी दारात उभी राहून म्हणायची, "आजी, यू आर नॉट ईव्हन ट्राइंग!"

शुक्रवारी मंडळी भेटायला आली. गल्फमध्ये आजाऱ्याला भेटायला येणारे फळं आणतात आणि त्याबरोबर इंडियाची गोळी आणतात. प्रत्येकाच्या घरी गावाहून आणलेल्या औषधांचा एक बिस्किटांचा डबा असतो, आणि इंडियाची गोळी ती खरी, इथली नुसती महाग, यावर सर्वांचं एकमत.

"ही घ्या, माझ्या दिरांना स्लिप डिस्कला दिली होती. एकदम स्ट्राँग."

"त्यापेक्षा ही द्या. अर्धी घेतली तरी माणूस आडवा."

"ही कशाची?"

"झोपेची. त्यांना झोप नाही ना? मग झाली की कामाची."

बायकोने झोपेच्या गोळ्या आभार मानून ठेवून घेतल्या. गप्पांमध्ये एक बाई सासूबाईंना म्हणाली, "काकू, तुम्ही तर म्हणे दाढ काढून ड्यूटीवर गेला होता?" त्यावर हशा झाला. सासूबाईही हसल्या, पण नेहमीसारखं उत्तर दिलं नाही.

सातव्या दिवशी त्यांनी फिजिओथेरपिस्टचा हात झटकला. बायको नुकतीच शाळेतून आली होती, घामाघूम, खांद्यावर वह्यांची पिशवी. ती भडकली. "आई, पुरे आता नाटकं! माझ्या वर्गातली पोरं पडतात, टाके घालून घेतात, एवढं कुणी रडत नाही. पाय आखडला म्हणजे मग बस जन्मभर!"

ती आत गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, मला वाटायचं मी दगड आहे. तसं नव्हतं ते. आत्तापर्यंत खरं दुखलंच नव्हतं बघा कधी. मी आपली नाजूकच."

मी त्यांच्या समोर खुर्चीवर बसलो होतो. ग्लास माझ्या हातात होता. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्याऐवजी माझ्या मनात जे आलं ते असं: बघा, आता कोण भितंय. क्षणभरच आलं. पण आलं, आणि गोड लागलं. त्या घरात आठ दिवसांत मी जे केलं त्यातलं सगळ्यात वाईट तेच होतं, आणि ते करताना मी हललोही नव्हतो.

आठव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, सासूबाईंना दोन शब्द सुनावले. "गोलियाँ टाइम पे दे रहे हैं?"

"जी, बिल्कुल," मी म्हणालो.

"असर नहीं हो रहा मतलब." त्यांनी नवा कागद ओढला आणि जास्त जोराचं औषध लिहिलं. चार-पाच दिवसांत वाकला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल, म्हणाले. सासूबाईंनी पायावर दोन्ही हात ठेवले. हिंदी त्यांना तेवढी कळत होती.

त्यांना वर सोडून मी फार्मसीत गेलो. काउंटरवर रांग होती. फार्मासिस्टने कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पहिल्या गोळ्या संपल्या?"

"संपल्या."

"काय त्रास झाला त्यांना? गुंगी, मळमळ?"

"छे. उलट झोपच नाही."

"आनि पोट? संडासला होतंय?"

इतक्या प्रश्नांत हा एक मला सोपा वाटला. मी उत्साहाने म्हणालो, "एकदम व्यवस्थित. रोज सकाळी."

तिने पेन खाली ठेवलं. "रोज सकाळी?"

"हो."

"आठ दिवस कोडीन घेऊन, इसबगोल न घेता, रोज सकाळी?"

"हो... म्हणजे..."

"भाऊ, पंधरा वर्षं हेच काम करते. कोडीननं पोट घट्ट होतं. असं पोट मी अजून बघितलेलं नाय." मागचा माणूस घाईला येऊन यल्ला यल्ला करायला लागला. तिने त्याला "हबीबी, दो मिनट" म्हणून थांबवलं आणि मला वजनाच्या काट्याजवळच्या स्टुलावर नेऊन बसवलं. "आता खरं बोला. गोळ्या कुठं हायत?"

"ऑफिसात."

"ऑफिसात काय करतात गोळ्या? टायपिंग?"

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या परक्या बाईला मी एवढं सलग काही सांगितलं असेल. खसखस, अनारसे, व्हिसा, ग्रोसरीतली पॅरासिटामॉल, सगळं. अनारशांवर ती खुदकन हसली. मग हसू गेलं.

"हा नवा कागद बघा," ती म्हणाली. "डॉक्टरांना वाटलं, पहिली गोळी पुरत नाय. म्हनून जोराची दिली. आनि बाईंच्या अंगाला पहिलीचीसुद्धा सवय नाय. एकदम ही घेतली असती, वर अजून काही झोपेचं वगैरे घेतलं असतं, तर झोपेत श्वास कमी झाला असता. कळलं?"

मला शुक्रवारच्या गोळ्या आठवल्या. फ्रिजवरच्या वाटीत होत्या. "घरात आहेत," मी म्हणालो. "झोपेच्या. कुणीतरी दिल्यात."

"अल्ला!" ती म्हणाली. "त्या आज भायेर काढा. इथं आणून द्या. दुसऱ्याचं औषध आपल्या घरात नाय, आपलं दुसऱ्याच्या घरात नाय."

"पण अफू म्हणालात तुम्ही."

"म्हनाले. आनि त्याच्यापुढं धा मिनिटं बोलले. काय ऐकलं त्यातलं?"

"काहीच नाही."

"मग आता ऐका. भीती वाटली ते बरं झालं, या गोळीची भीती वाटायलाच हवी. पन भीती वाटली म्हनून गोळी लपवायची नाय. भीतीनं काय करायचं, वेळ बघून द्यायची, मोजून द्यायची, पोरगी घरात आहे तर कुलपात ठेवायची. दुखनं चढायच्या आधी पोटात हवी. चढलं की मग मागनं धावून उपयोग नाय. ह्याच्यात पॅरासिटामॉल आहेच, वरून साधी एक पन द्यायची नाय. बाथरूमला जाताना कुनीतरी सोबत, तोल जातो. पहिल्या दिवसापासून इसबगोल. आनि फार झोपायला लागल्या, हाक मारून उठेनात, तर गोळी बंद आनि तडक हॉस्पिटल. थोडे दिवसांचं काम आहे. दुखनं उतरलं की एकेक कमी करत खलास. उरल्या तर मला परत आणून द्या."

"व्यसन?"

"डॉक्टर सांगतात तेवढीच आनि तेवढेच दिवस दिली, तर भिऊ नका. मन लागायला लागलं, दुखनं नसताना मागायला लागल्या, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. लपवायचं नाय. तुमची सवय लपवायची दिसते."

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हिंदीत, त्यामुळे आणखी वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, "कमाल करते हो भाईसाब. मैं उस बेचारी को डाँट रहा था." जोराचा कागद रद्द झाला. पहिलीच गोळी, आता खरी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना.

त्याच दिवशी देऱ्याला जाऊन मी गोळ्या आणल्या. गाडीत शेजारच्या सीटवर पाकीट आणि वर डॉक्टरांचा शिक्क्याचा कागद, असा आलो. वाटेत एका पोलिसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता गोळी दिली. दोन वाजता फिजिओथेरपिस्ट आला. सासूबाई सवयीने कॉटची कड धरून बसल्या. त्याने पाय हातात घेतला, हळूच वाकवला. त्या दात आवळून वाट बघत राहिल्या. मग डोळे उघडले.

"दुखतंय," त्या आश्चर्याने म्हणाल्या, "पण बोलता येतंय."

"अम्मा, फिफ्टी फाइव्ह!" तो ओरडला.

"वाकव अजून. बघतोस काय?"

साठ झाले. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. "आजी, दॅट्स सो कूल!" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, एकाएकी असं कसं झालं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी गोळी बदलली." ते खोटं नव्हतं म्हणता येईल इतपत खोटं होतं. बायको म्हणाली, "बघ आई, मनावर घेतलंस की जमतं." सासूबाईंनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की पोट रुसलंय. इसबगोल दिलं तरी रुसलंय. मला इतका आनंद झाला की बायको माझ्याकडे बघतच राहिली. मी धावत खाली गेलो. फार्मासिस्टने मला दारात पाहिलं आणि तोंडावरूनच ओळखलं. "आता खरी गोळी चालली," म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारून पातळ औषधाची एक बाटली दिली. त्याने दुसऱ्या दिवशी काम झालं, त्याची वार्ता सासूबाईंनी आम्हाला नाश्त्याच्या वेळी सविस्तर दिली.

मग चाराच्या तीन गोळ्या झाल्या, तीनच्या दोन, मग फक्त फिजिओच्या आधीची एक. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आज राहू दे, बघू तरी." आणि गुडघा नव्वदच्या पुढे गेला. सात गोळ्या उरल्या. त्या, आणि फ्रिजवरच्या वाटीतल्या, मी परत नेऊन दिल्या.

"घरी सांगितलं?" फार्मासिस्टने विचारलं.

"सांगतो."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. आमच्याकडे इन्शाल्ला म्हणजे होणार नाही असंच बहुतेकदा धरतात, आणि तिने ते तसंच म्हटलं.

सासूबाई काठी न टेकता विमानात बसल्या. मी सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या दिवाळीला नाही. नंतर सांगायचं म्हणजे इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागणार, हे ओझं दरवर्षी वाढत गेलं. फोनवर त्या स्वतःच कुणाकुणाला सांगताना ऐकू यायच्या, "माझा जीव नाजूक बाई. दुबईत कळलं मला." ज्या बाईने कधी दुखण्याचं नाव काढलं नव्हतं, ती आता दातांच्या डॉक्टरकडे जायलाही मुलाला नाहीतर सुनेला सोबत न्यायची. मी ऐकायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो.

गेल्या वर्षी डावा गुडघा पार झिजला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, बाकी तब्येत उत्तम, पण ठाम नकार. आम्ही आता दुबईतच अल कुसैसला राहतो. मुलगी नोकरी करते, तीही त्या दिवशी घरी होती. ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवून दोघी मायलेकी आजीला समजावत होत्या.

"आजी, इट्स सो रुटीन नाऊ. चार दिवसांत चालशील."

"तुला काय ठाऊक? तू लहान होतीस. मला नाही झेपायचं ते. एकदा बघितलंय मी माझं. बसून राहीन, पण ते नको." आणि मग बारीक आवाजात, "मी भित्री आहे, झालं?"

तो शब्द त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल आला आणि मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"आई," मी फोनजवळ जाऊन म्हणालो, "दुबईत पहिले आठ दिवस तुम्हाला ती गोळी मी दिलीच नव्हती."

"कुठली गोळी?"

"दुखण्याची. डॉक्टरांची. मला भीती वाटली. मी साधी पॅरासिटामॉल देत होतो."

"म्हणजे तापाची?"

"हो."

"वाटीचे दोन तुकडे, आत तार, आणि वरनं तापाची गोळी?"

"हो."

मुलीने तोंडावर हात ठेवला होता. बायकोने गॅस बंद केला.

"तेव्हा वाकला किती होता?" सासूबाईंनी विचारलं.

"पस्तीस."

"तापाच्या गोळीवर पस्तीस!" त्यांचा आवाज खिडकीच्या जाळीतून यावा तसा आला. "अगं ए सूनबाई, इकडं ये! हे काय म्हणतात ऐक. मी ते सगळं तापाच्या गोळीवर केलंय! तू करून दाखव." मग त्या इतक्या हसल्या की खोकला आला. पाणी पिऊन परत फोनवर आल्या. "जावईबापू, तुमच्यावर माझा राग आहे बरं का. लहान नाही, मोठा आहे. तो सवडीनं काढते. आधी त्या डॉक्टरला तारीख विचारा."

बायको हसली नाही. ती बेडरूममध्ये गेली, आणि मी मागे गेल्यावर एवढंच म्हणाली, "मी तिला नाटकी म्हटलं होतं. तुम्ही तिथेच होता." त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं.

ऑपरेशनला आम्ही दोघंही गेलो. मी यावं हा सासूबाईंचा हट्ट. औषधांची पिशवी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवली. "हेच देणार. बघते की या खेपेला." डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा मी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवल्या, गोळ्या मोजल्या, कपाटाला कुलूप लावलं. सासूबाई चष्मा लावून प्रत्येक पाकिटावरचं नाव स्वतः मोठ्याने वाचायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी आली तेव्हा तिला आधी पस्तीसची हकीकत ऐकवली, मग पाय दिला.

चौथ्या दिवशी दुपारी मी गोळी देऊन बाहेर आलो. बायको स्वयंपाकघरात चहा ठेवत होती.

"दिली?" तिने विचारलं.

"दिली."

"कुठली?"

मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं, खिडकीपाशी नेऊन पुढून वाचलं, उलटं करून मागून वाचलं, रिकाम्या जागा मोजल्या.

"मी वाचलंय गं सगळं!" आतून सासूबाई ओरडल्या. "त्यांना आधी चहा दे. आणि साखर घाल, कालच्या चहात घातली नव्हतीस ते मला कळलंय."

बायकोने फळीवरून दुसरा कप खाली घेतला.